खड्डा भरेपर्यंत

अडतीस नंबरच्या बसच्या वरच्या मजल्यावरून एल्सवर्थ लिबर्डला त्याची बायको दिसली. पाच महिन्यांपूर्वी पुरलेली बायको नगरभवनाच्या भिंतीवर तीन मजले उंच होऊन हसत उभी होती. अंगात पिवळा कोट, डोक्यावर टोपी, हातात शाळेच्या मुलांना रस्ता ओलांडून देताना गाड्या थांबवायला धरायची ती गोल पाटी. पुढच्या दोन दातांमधली फटसुद्धा तशीच, फक्त आता त्या फटीतून माणूस आत शिरला असता.

बस सिग्नलला थांबली होती. त्याने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तीच. युलालिया. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'एक माती, अनेक मुळं. आपल्या बेटांच्या वारशाचा उत्सव. शनिवारी, नगरभवनात.'

माती हा शब्द त्याने दोनदा वाचला. मग तो जिना उतरून खाली आला आणि भलत्याच थांब्यावर उतरला. एवढा राग बसमध्ये बसून सहन होईना.

घरी पोचल्यावर त्याने कोटही न काढता लेकीला फोन लावला.

"डॅडी, फोटो मीच दिला," व्हर्लिन म्हणाली. "पालिकेतल्या त्या हॅरिएटबाईंनी मागितला होता. मला वाटलं तुम्हाला बरं वाटेल. मम्मीला सगळं शहर बघतंय."

"सगळं शहर बघतंय. आणि तिच्या कबरीत पाणी साचलंय ते कोण बघतंय?"

"आता परत तेच नका काढू."

"तेच काढणार. खड्डा भरेपर्यंत तेच काढणार."

 दफनाच्या दिवशी व्हर्लिनही तिथे उभी होती. तिलाही विसरता येत नव्हतं, पण तिची तऱ्हा वेगळी होती, न बोलण्याची.

लिबर्ड आणि युलालिया दोघंही तरुणपणी या शहरात आलेले, मूळचे समुद्रापलीकडच्या नेव्हिस बेटावरचे. तिथे माणूस गेला की त्याची कबर त्याचीच माणसं भरतात. पुरुष कोट काढून ठेवतात, बाह्या दुमडतात आणि आळीपाळीने फावडं चालवतात. फावडं जमिनीवर ठेवायचं नाही, एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात द्यायचं. बायका कडेला उभ्या राहून गातात. खड्डा भरून वर उंचवटा होईपर्यंत गाणं थांबवायचं नाही. मग त्या उंचवट्यात बायका फुलं खोचतात, आणि मगच सगळे घरी जाऊन बकऱ्याच्या रश्श्याला बसतात. खड्ड्यात चार मुठी माती टाकून पाठ फिरवायची, म्हणजे पाहुण्याला दारापर्यंत आणायचं आणि दार न उघडताच निघून जायचं. असं कोणी करत नाही.

या शहरातही त्यांच्यापैकी कोणी तसं केलं नव्हतं. चौसष्ट साली त्यांच्यातला पहिला माणूस गेला तेव्हा दफनभूमीचे कामगार कबर अर्धी भरून चहाला निघून गेले होते. लिबर्ड तेव्हा एकवीस वर्षांचा. ते सातजण होते. त्यांनी धुक्यात हातांनी आणि बुटांनी माती लोटून खड्डा भरला, आणि दुसऱ्याच दिवशी वर्गणी काढून लांब दांड्याचं एक चांगलं फावडं घेतलं. तेव्हापासून ते त्यांच्या चॅपलच्या, म्हणजे छोट्या चर्चच्या, दारामागे असतं. दांडा तीनदा बदलला, पातं तेच आहे, एक कोपरा झिजून गोल झालेला. दोनशेच्या वर माणसं त्या फावड्याने झाकली आहेत.

आजारपणात युलालियाने एकच गोष्ट मागितली होती.

"माझ्यावर यंत्राने माती टाकू देऊ नकोस, एल्सी."

"वेडी आहेस का? फावडं आहे ना."

"वचन दे."

"दिलं. आता सूप पी, निवतंय."

दूध आणायचं कबूल करावं इतक्या सहज त्याने ते वचन दिलं होतं.

ते मोडलं त्यात पालिकेचा हात होता हे खरं, पण पहिली चूक त्यांची स्वतःची होती आणि ती लिबर्डला माहीत होती. नवा नियम असा होता की घरच्यांना माती टाकायला पाऊण तास मिळेल, साडेतीन वाजेपर्यंत. त्यानंतर यंत्र येईल. पण चॅपलमध्ये आठवणी सांगायला अकराजण उभे राहिले. गेलेल्याबद्दल बोलू इच्छिणाऱ्या माणसाला बस खाली, असं त्यांच्यात कोणी म्हणत नाही. शेवटी हेस्केथ जेफर्स उठला. हेस्केथ लिबर्डचा साठ वर्षांचा मित्र, ओतशाळेत शेजारच्या भट्टीवर काम केलेला. त्याच्या हातात माइक गेला की तो परत मिळत नाही, हे सगळ्यांना ठाऊक. युलालियाने एकदा भोंगा वाजवत आलेली पोलिसांची गाडी पाटी दाखवून कशी थांबवली आणि आतल्या साहेबाला "पोरं गेली की तू जा" असं कसं सुनावलं, ते हेस्केथने नकला करून सांगितलं. पंचवीस मिनिटं तो बोलला. सगळे हसले. लिबर्डही हसला. त्याच्या हातात घड्याळ होतं आणि त्यात किती वाजलेत ते त्याला दिसत होतं. पण हेस्केथ बोलत होता तोवर युलालिया चालत होती, भांडत होती. त्याने त्याला थांबवलं नाही.

ते दफनभूमीत पोचले तेव्हा तीन वाजून अठरा मिनिटं झाली होती. बारा मिनिटांत म्हाताऱ्या माणसांनी जेमतेम शवपेटीचं झाकण झाकलं. साडेतीनला टॅल्बट आला, दफनभूमीचा व्यवस्थापक, हातात वही, अंगात चकचकीत पिवळं जाकीट.

"मंडळी, वेळ संपली. मला फार वाईट वाटतंय, पण विम्याचा प्रश्न आहे."

"कोणाचा विमा?" चॅपलमध्ये गाणं उचलणाऱ्या सिस्टर एस्मेल्डाने विचारलं. "ती तर गेलीच आहे."

कुंपणामागे यंत्र सुरूच होतं. ते पुढे आलं. सिस्टर एस्मेल्डा तेव्हा शहाऐंशी वर्षांची होती आणि चॅपलमध्ये तिला कधी माइक लागला नव्हता. तिने आवाज चढवला. दुसरं कडवं पुन्हा घेतलं, तिसऱ्यांदा घेतलं. यंत्राने तिचाही आवाज गिळला. तिचं गाणं आयुष्यात पहिल्यांदा कडव्याच्या मध्येच थांबलं. यंत्राने चार खेपांत खड्डा भरला आणि लोखंडी तोंडाच्या पाठीने वरून दोनदा थोपटलं. लिबर्डच्या डोक्यातून ते थोपटणं जात नव्हतं.

त्या दिवसापासून तो हेस्केथशी बोलला नव्हता. चॅपलमध्ये हेस्केथ डावीकडे बसला की हा उजवीकडे बसायचा.

आणि आता कबर खचली होती. नवी कबर खचतेच, त्यात नवल नाही. माती बसते, मग वर आणखी माती घालावी लागते. युलालियाची कबर वीतभर खाली गेली होती. दर रविवारी तो जायचा आणि तिथे पाणी साचलेलं असायचं. टॅल्बटला त्याने तीन पत्रं लिहिली. तिन्हींना एकच उत्तर आलं: 'सप्टेंबरच्या फेरीत यंत्राद्वारे भर घालण्यात येईल. अभ्यागतांनी बाहेरची माती आणू नये.'

बुधवारी हॅरिएट घरी आली. पालिकेत वारशाचं काम बघणारी, तिशीची मुलगी, पायात पावसाळी बूट. प्लास्टिकचं आवरण घातलेल्या सोफ्यावर ती अगदी कडेला बसली.

"मिसेस लिबर्डचा फोटो लोकांना फार आवडलाय," ती म्हणाली. "आम्ही प्रत्येक कुटुंबाकडून एक वस्तू मागतोय. काचेच्या पेटीत ठेवू, खाली माहितीचं कार्ड. त्यांची एखादी टोपी मिळेल? चॅपलला जाताना घालायच्या तसली?"

"टोप्या सतरा आहेत. एकही मिळणार नाही."

"आणि तुम्ही पाच मिनिटं बोलावं अशी इच्छा आहे. त्यांच्याविषयी."

"माझी बायको तुमच्या भिंतीवर आहे," लिबर्ड म्हणाला, "आणि तुमच्या जमिनीत ती धड पुरलेली नाही. यावर बोलू पाच मिनिटं?"

मग त्याने तिला सगळं सांगितलं. सांगताना तो उठून उभा राहिला होता, हे त्याच्या नंतर लक्षात आलं. हॅरिएटने लिहून घेतलं. तिचा चहा तसाच राहिला.

"मिस्टर लिबर्ड, हे भयंकर आहे. पण दफनभूमी दुसऱ्या खात्याकडे येते."

"तिला भिंतीवर टांगताना खातं आडवं आलं नाही ते?"

ती लाल झाली. तिने विचारलं, "ते फावडं... ते प्रदर्शनात ठेवता येईल का?"

तिला दार दाखवायचं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. फावडं म्हणजे काय बशी आहे? पण मग वाटलं, बघू दे. शहराने एकदा ते फावडं डोळ्यांनी बघू दे.

शुक्रवारी त्याने स्वतः ते नगरभवनात नेऊन दिलं. "जमिनीवर ठेवायचं नाही," तो म्हणाला. हॅरिएटने दोन्ही हातांत धरून नेलं, बाळ न्यावं तसं. तेवढं त्याला बरं वाटलं.

शनिवारी दहा वाजता सभागृह माणसांनी भरून गेलं होतं. एका कोपऱ्यात पोरी लोखंडी पिंपांच्या तबकड्यांवर गाणी वाजवत होत्या. मसाल्याच्या कोंबडीचा धूर दारातून आत येत होता. लिबर्डचा शेजारी भोगल नातीच्या भांगड्यासाठी आला होता. बांधकामाचा धंदा मुलांवर सोडून आता तो फक्त हुकूम देत असे. सोमाली बायका होत्या, पोलिश बायका होत्या, गळ्यात सोन्याची साखळी घातलेले महापौर प्रत्येकाशी हात मिळवत फिरत होते. चॅपलची मंडळी एकगठ्ठा आली होती, बायकांच्या डोक्यांवर बोटींएवढ्या टोप्या.

दाराशीच पालिकेच्या उद्यान आणि दफनभूमी खात्याचं टेबल होतं. टेबलामागे टॅल्बट. आज जाकीट नव्हतं, सूट होता. येणाऱ्या प्रत्येकाला तो कागदाची एक वाटी देत होता. वाटीत माती, मातीत एक बी.

"एक माती, अनेक मुळं," तो म्हणाला आणि वाटी पुढे केली. मग त्याने लिबर्डला ओळखलं आणि हात अर्धवटच राहिला.

"बाहेरची माती आणू नये," लिबर्ड म्हणाला. "आणि ही?"

"मिस्टर लिबर्ड, ही... ही प्रातिनिधिक आहे."

सिस्टर एस्मेल्डाने वाटी उचलून आत पाहिलं. "यात काय पुरायचं? अंगठा?" तिने ती परत टेबलावर ठेवली. "ठेव बाबा. तुझं खातं गरीब दिसतंय."

काचेच्या पेट्या पलीकडे ओळीने मांडल्या होत्या. कोणाची आगबोटीतून आणलेली ट्रंक, कोणाचा पासपोर्ट, कोणाची इस्त्री. शेवटच्या पेटीत फावडं होतं, पांढऱ्या कापडावर आडवं ठेवलेलं.  खाली कार्ड होतं. त्याने वाकून वाचलं.

'दफनाचे फावडे, १९६४. बेटांवरून आलेले लोक पूर्वी आपल्या मृतांच्या कबरी स्वतः भरत. ही प्रथा आता बंद पडली आहे.'

त्याने पुन्हा वाचलं. त्याचा श्वास काचेवर उमटला.

"हे कोणी लिहिलं?"

हॅरिएट धावत आली. कार्ड वाचून तिचा चेहरा उतरला. "हे मी लिहिलं नव्हतं. मजकूर तपासायला त्या खात्याकडे पाठवला होता. त्यांनी सांगितलं की जानेवारीनंतर एकाही घराने स्वतः कबर भरायची परवानगी मागितलेली नाही..."

"मागतील कशी? आमचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. लोक आता आपली माणसं तीन गावं सोडून नेऊन पुरतात. आम्ही जिवंत आहोत, बाई. या टोपीवाल्या सगळ्या जिवंत आहेत. तुम्ही आम्हाला काचेत घातलंत!"

तेवढ्यात माइकवरून त्याचं नाव पुकारलं गेलं. महापौरांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, लोकांनी साथ दिली. लिबर्ड व्यासपीठावर चढला. त्याच्या मागे पडद्यावर युलालिया होती, पाटी धरून.

"मला भाषण येत नाही," तो म्हणाला. "आमच्यात बोलणारा एकच, तो तिकडे खांबाला टेकून उभा आहे, आणि त्याच्या बोलण्यानेच घोटाळा झाला."

हेस्केथने मान खाली घातली. चॅपलच्या रांगेतून कोणीतरी "खरं आहे" म्हणालं.

"माझ्या बायकोने सत्तावीस वर्षं तुमची मुलं रस्ता ओलांडून नेली. काळी, गोरी, सगळी. मागे गाड्यांचे भोंगे वाजायचे, लोक शिव्या द्यायचे. शेवटचं मूल फुटपाथवर चढेपर्यंत ती पाटी खाली करायची नाही. मी सांगायचो, युला, थोडी बाजूला हो, एखादा अंगावर घालेल. ती म्हणायची, अर्ध्या रस्त्यात सोडण्यापेक्षा नेलंच नाही तर बरं. तिने कधी कुणाला अर्ध्या रस्त्यात सोडलं नाही. तुम्ही तिला सोडलंत. उशीर आम्हीही केला, ते मी नाकारत नाही. पण आम्ही चाळीस वर्षं तुमच्या भट्ट्यांत वाळू ओढली, तेव्हा पाळी संपली म्हणून भट्टी अर्धी टाकून गेलो नाही. आम्हाला आणखी एक तास हवा होता. तेवढा तुमच्याकडे नव्हता. पण तीन मजल्यांचं कापड होतं."

 बाहेर कोंबडी उलटवणाऱ्याचा चिमटा वाजलेला ऐकू आला.

"तिथे एक कार्ड आहे. प्रथा बंद पडली आहे, म्हणतं. पडली नाही, तुम्ही पाडलीत. मला ती पेटी उघडून हवी. माझं फावडं घेऊन मी माझ्या बायकोकडे चाललोय. एवढंच."

पाच मिनिटं झाली नव्हती. तो खाली उतरला. लोक बाजूला झाले. हॅरिएट पेटीपाशी उभी होती, किल्ली तिच्या हातात होती. तिने महापौरांकडे पाहिलं. महापौर टॅल्बटकडे बघत होते, आणि टॅल्बट हातातल्या वाटीकडे. हॅरिएटने त्या दोघांचाही नाद सोडला आणि कुलूप उघडलं. फावडं तिने काढलं, पुन्हा दोन्ही हातांनी, आणि त्याच्या हातात दिलं. लिबर्डने कार्ड उचलून खिशात घातलं.

"लिबर्ड," भोगल मागून म्हणाला, "किती गोण्या?"

"कसल्या?"

"मातीच्या, कसल्या! आमच्या यार्डात चाळलेली पडलीये. फावडं घेऊन चाललास, आणि त्यावर घालणार काय, हवा?"

"आठ लागतील."

"दहा आणतो. खचते ती. भांगडा झाला माझा." त्याने फोन काढला आणि थोरल्याला पंजाबीत ओरडायला सुरुवात केली.

चॅपलची मंडळी अडतीस नंबरने निघाली. टोप्या दारातून आत येताना तिरक्या कराव्या लागल्या. ड्रायव्हरने फावडं पाहिलं.

"ते घेऊन बसमध्ये येता येत नाही, काका."

"माझ्या बायकोची कबर भरायला चाललोय."

"आणि हा शुद्धीत आहे," सिस्टर एस्मेल्डा मागून म्हणाली, "तेव्हा घाबरू नकोस. चालव."

ड्रायव्हरने लिबर्डकडे पाहिलं, मग मागच्या रांगेकडे. "पातं वर धरा," एवढंच तो म्हणाला.

बस नगरभवनासमोरून वळली तेव्हा लिबर्डने भिंतीकडे पाहिलं नाही. तो फावडं उभं धरून बसला होता. पुढच्या थांब्यावर हेस्केथ धापा टाकत चढला. बस पकडायला तो तेवढं अंतर पळत आला होता, एकोणऐंशीव्या वर्षी. बसायला जागा एकच होती, लिबर्डच्या शेजारी. तो उभाच राहिला.

"बस," लिबर्ड म्हणाला.

हेस्केथ बसला.  पूर्ण प्रवासात एक शब्द बोलला नाही. मागच्या बायकांनी एकमेकींना कोपराने ढोसलं.

भोगलच्या मुलाची व्हॅन आधीच येऊन उभी होती. फाटक उघडं होतं, शनिवारी ते उघडंच असतं. गोण्या उतरवल्या, एकचाकी गाडीतून कबरीपाशी नेल्या. पाणी साचलं होतं ते आधी व्हर्लिनने डब्याने काढलं. ती आपल्या गावाहून थेट आली होती. कोणी बोलावलं ते तिने सांगितलं नाही. लिबर्डने कोट काढून शेजारच्या दगडावर ठेवला, बाह्या दुमडल्या आणि पहिली माती टाकली.

सिस्टर एस्मेल्डाने गायला सुरुवात केली. पहिल्यापासून नाही. जानेवारीत जिथे थांबली होती तिथूनच, दुसऱ्या कडव्याच्या अर्ध्या ओळीपासून. कोणालाही विचारावं लागलं नाही. बाकीच्या तिच्या मागून आल्या.

ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला दहा फावडी म्हणजे खूप झाली. त्याने फावडं पुढे केलं. ते घ्यायला हेस्केथ उभा होता, बाह्या आधीच दुमडून.

"चहा ढवळतोयस का, जेफर्स?" एका म्हातारीने गाण्याच्या मधल्या श्वासात विचारलं. "नीट भरून घे!"

हेस्केथने नीट भरून घेतलं. त्याचे गाल ओले होते, पण तो थांबला नाही. त्याच्यानंतर चॅपलच्या दोघांनी घेतलं, त्यांच्यानंतर भोगलने. "आमच्यात जाळतात," तो फावडं घेताना म्हणाला, "पण तिने माझ्या तिन्ही पोरांना रस्ता ओलांडून दिलाय. दे इकडे." मागून येऊन पोचलेली हॅरिएट बायकांच्या रांगेत उभी होती. गाणं येत नसल्यामुळे ती नुसते ओठ हलवत होती.

सातवी गोणी चालू असताना टॅल्बटची गाडी आली. तो सुटातच होता. चिखल बघून तो जरा बाजूने चालत आला. लिबर्डला वाटलं, आता पुन्हा तेच. जानेवारीतला सगळा राग त्याच्या हातांत उतरला. फावडं त्या वेळी त्याच्याकडे नव्हतं, हे बरंच झालं.

"मिस्टर लिबर्ड, इथे परवानगीशिवाय..."

सिस्टर एस्मेल्डाने त्याच्याकडे बघत आवाज चढवला. या वेळी कुठलंही यंत्र चालू नव्हतं. टॅल्बटचं पुढचं वाक्य त्यालाच ऐकू आलं नसेल. तो उभा राहिला. कडवं संपेपर्यंत उभा राहिला, मग पुढचं संपेपर्यंत. फावडं हातोहात फिरत होतं, माती वर येत होती, आणि त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं.

नववी गोणी संपली तेव्हा उंचवटा झाला. लिबर्डने शेवटची माती टाकली, पात्याने नाही, हाताने कडा सारख्या केल्या. गुडघ्यांवरून उठताना व्हर्लिनने त्याला धरलं. मग बायकांनी टोप्या सावरत वाकून फुलं खोचली, आणि गाणं शेवटच्या ओळीला येऊन थांबलं. कोणी थांबवलं नाही. संपलं म्हणून थांबलं.

"मला याची नोंद करावी लागेल," टॅल्बट हळूच म्हणाला.

"करा." लिबर्डने खिशातून कार्ड काढलं. त्याच्या बोटांची माती त्याला लागली. "आणि हे घेऊन जा. यात चूक आहे. तुमच्या नोंदीत बरोबर लिहा, प्रथा चालू आहे. सोमवारी आम्ही परवानगीचा अर्ज आणून देतो. नावाची जागा मोकळी ठेवून. आमच्यापैकी कोणाचा पहिला नंबर लागतो ते माहीत नाही, पण वेळ किती लागेल ते माहीत आहे. खड्डा भरेपर्यंत."

टॅल्बटने कार्ड घेतलं. ते कुठे ठेवावं ते त्याला कळेना, म्हणून तो ते हातातच धरून उभा राहिला.

हेस्केथने घसा खाकरला. "मंडळी, मी दोन शब्द..."

"नाही!" सगळे एकदम म्हणाले.

लिबर्डने फावडं त्याच्या हातात दिलं. "तू हे धर. तोंडाला नाही, हाताला काम." मग त्याने दगडावरचा कोट उचलून झटकला. "चला. घरी पातेलंभर रस्सा आहे. सकाळीच चढवून आलोय."

"सकाळी?" व्हर्लिन म्हणाली. "म्हणजे डॅडी, तुम्ही आधीच ठरवलं होतं?"

"रस्सा ठरवला होता," लिबर्ड म्हणाला. "जानेवारीतला राहिला होता."